आता माझा काय उपयोग?

गणपतीच्या दिवशी सकाळी आठ वाजता आपल्या मंडळाच्या हॉलवर पोचणारी जी पाच-सहा माणसं असतात, त्यांत गेली अनेक वर्षं मी एक आहे. खुर्च्या मांडायच्या, टेबलांवर प्लॅस्टिक अंथरायचं, मखर व्हॅनमधून उतरवायचं, प्रसादाची पातेली आत न्यायची, ही आमची कामं. आरती सुरू झाली की मी मागे दाराजवळ उभा राहतो. टाळ्या वाजवतो, आरत्या पाठ आहेत म्हणून म्हणतोही. पण माझा देवावर विश्वास नाही, आणि हे मी कधी लपवलेलं नाही. आमचा एक जुना मित्र दरवर्षी न चुकता विचारतो, "काय रे, देवाला मानत नाहीस, मग त्याच्यासाठी खुर्च्या कशाला उचलतोस?" मीही दरवर्षी तेच उत्तर देतो, "खुर्च्यांवर देव बसत नाही, माणसं बसतात."

हे उत्तर मला फार आवडायचं. माणसांच्या उपयोगी पडावं, त्यासाठी देवाची गरज नाही, आणि आयुष्याला एवढा उद्देश पुरेसा आहे, असं माझं साधं तत्त्वज्ञान होतं. चाळीस वर्षं ते पुरलं. अलीकडे मात्र ते एके ठिकाणी तोकडं पडलं. संपादकांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी लिहाच" असा आग्रह धरला, तेव्हा वाटलं, तेच लिहावं.

हे तत्त्वज्ञान मला घरातूनच मिळालं. मी कराडचा. गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव टेंभू आमच्याजवळच, कृष्णेच्या काठी. वडील शाळामास्तर होते आणि आगरकर हे त्यांचं दैवत, म्हणजे देव न मानणाऱ्या माणसाचं जसं दैवत असू शकतं तसं. देवाच्या आधाराशिवाय, निव्वळ विवेकावर माणसाची नीती उभी राहू शकते, हा आगरकरांचा विचार ते आम्हांला जेवताना सांगत. १८८८ मध्ये 'सुधारक' काढणाऱ्या या माणसाची पुण्यातल्या लोकांनी तो जिवंत असताना प्रेतयात्रा काढली. त्याआधी, शिक्षण संपताना, त्यांनी आईला पत्र लिहून कळवलं होतं की मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी लोकांच्या हितासाठी घालवणार आहे. १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता, ते गेले. वडील हे सांगताना दरवेळी थोडे थांबत.

आई मात्र विठ्ठलाची. तिने लहानपणी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांच्या डोक्यातला केर काढायचा, असा तो साधू. नवसाला कोंबडं-बकरं कापू नका, कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला, भुकेल्याला जेवायला घाला, हा त्यांचा देवधर्म. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ मध्ये कराडला कॉलेज काढलं, त्याला गाडगे महाराजांचंच नाव दिलं. त्याच कॉलेजात मी शिकलो.

म्हणजे घरात एकीकडे आगरकर आणि दुसरीकडे गाडगेबाबा. एकाला देवाची गरज वाटली नाही, दुसऱ्याला देव माणसात दिसला. मला गंमत अशी वाटायची की दोघं पोचले एकाच ठिकाणी: दुसऱ्यासाठी झिजा. मग देव आहे की नाही यावर डोकं कशाला शिणवायचं? आई-वडिलांचं भांडण मी माझ्यापुरतं असं मिटवून टाकलं, इंजिनिअर झालो आणि १९७९ मध्ये अमेरिकेला आलो.

इथे आल्यावर तर हे तत्त्वज्ञान आणखीच पक्कं झालं. आपल्यापैकी बहुतेक जण या देशात आलो ते आपला उपयोग होता म्हणून. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने आपल्यासारख्यांना दार उघडलं, त्यात डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ यांना प्राधान्य होतं. ग्रीन कार्डाच्या अर्जावर आपण काय करू शकतो हे लिहावं लागलं, आपण कोण आहोत हे कुणी विचारलं नाही. पुढे कंपनीतही दरवर्षी तोच हिशेब झाला. आणि खरं सांगायचं तर आपणही मुलांना तोच हिशेब शिकवला.

रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने मी बेसमेंट आवरलं. मग बायको म्हणाली, "अहो, आता बेसमेंटमध्ये आवरण्यासारखं तुमच्याशिवाय काही उरलेलं नाही. बाहेर पडा." तिच्याच सांगण्यावरून मी जवळच्या एका हॉस्पिसमध्ये स्वयंसेवक म्हणून नाव दिलं.

हॉस्पिस ही कल्पना आपल्यापैकी अनेकांना अजून थोडी परकी वाटते, म्हणून दोन शब्द. सिसिली साँडर्स नावाच्या बाई आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि शेवटी खास यासाठीच शिकून डॉक्टर झाल्या. त्यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं. अमेरिकेत ही चळवळ १९७४ मध्ये कनेटिकटमध्ये आली, आणि १९८२ च्या कायद्याने मेडिकेअर त्याचा खर्च देऊ लागली. सहा महिन्यांपेक्षा जास्त आयुष्य उरलेलं दिसत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं की आजार बरा करण्याचे उपाय थांबवून वेदना कमी करण्याकडे लक्ष दिलं जातं, बहुतेक वेळा रुग्णाच्या घरीच. रुग्णसेवेच्या एकूण तासांपैकी निदान पाच टक्के स्वयंसेवकांनी द्यावेत, असा मेडिकेअरचा नियमच आहे. त्या पाच टक्क्यांतला मी एक. माझं काम म्हणजे आठवड्यातून दोनदा जाऊन बसणं, वाचून दाखवणं, घरच्यांना दोन तास बाहेर पडता यावं म्हणून थांबणं.

अशा कामात माझं तत्त्वज्ञान अगदी चपखल बसत होतं. मग एके दिवशी आमच्या को-ऑर्डिनेटरचा फोन आला, "तू मराठी बोलतोस ना?"

ते काका शहाऐंशी वर्षांचे. मुंबईत सरकारी कचेरीत हिशेबनीस होते. पत्नी गेल्यावर मुलाकडे आले. पंधरा वर्षं त्यांनी हे घर अक्षरशः चालवलं होतं. नातवंडांना बसस्टॉपवर सोडायचं, आणायचं, सूनबाई कामावरून यायच्या आत कुकर लावायचा, मागच्या अंगणात मेथी आणि मिरच्या लावायच्या. आता कॅन्सर हाडांत पसरला होता. फॅमिली रूममध्ये हॉस्पिसने दिलेला पलंग, खिडकीतून दिसणारं ते अंगण आणि समोरच्या शेल्फवर छोटासा देव्हारा. घरची माणसं चांगली होती, कशात उणं नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत ते म्हणाले, "आता माझा कुणाला काय उपयोग, सांगा बरं? नुसता भार. मुलगा सुट्टी घेऊन बसतो, सून रात्री दोनदा उठते. देवाने उचलावं तर तोही ऐकत नाही."

मी म्हणालो, "असं कसं म्हणता काका? तुम्ही मुलाला शिकवलंत, नातवंडं वाढवलीत..."

"तो हिशेब झाला जुना," हिशेबनीस म्हणाले. "ते खातं बंद. आजच्या तारखेला जमेला काय आहे ते सांगा."

मला उत्तर आलं नाही. गाडीत बसलो तेव्हा लक्षात आलं की काका बोलत होते ते माझंच तत्त्वज्ञान होतं, फक्त शेवटच्या पानापर्यंत नेलेलं. उपयोगी पडणं हाच जगण्याचा उद्देश असेल, तर ज्या दिवशी उपयोग संपला त्या दिवशी माणूसही संपला. पुढचे सगळे दिवस म्हणजे नुसता खर्च.

आणि मग मला एक गोष्ट आठवली, जी मी दहा-बारा वर्षं आठवू दिली नव्हती.

आईला शेवटी विस्मरणाचा आजार झाला होता. २००९ मध्ये मी कराडला गेलो तेव्हा तिने मला ओळखलं नाही. मला ती "पोस्टातले ना तुम्ही?" असं म्हणाली. भरवावं लागे, सगळंच करावं लागे. भाऊ आणि वहिनी करत होते, मी इथून पैसे पाठवत होतो. त्याच मुक्कामात तिला न्यूमोनिया झाला. भाऊ दवाखान्यात न्यायची तयारी करत होता आणि मी त्याला म्हणालो, "आता काय उपयोग आहे रे?"

शेवटच्या आजारात किती उपचार करावेत हा प्रश्न खोटा नाही. हॉस्पिसमध्ये तो रोजचाच आहे आणि त्याचं उत्तर पुष्कळदा "आता पुरे" असंच येतं. पण मी तो प्रश्न विचारत नव्हतो. मी आईचा हिशेब मांडत होतो. भाऊ काही बोलला नाही. वहिनी आईच्या अंगावर शाल घालत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "भाऊजी, उपयोगासाठी कोण करतंय? आई आहेत ना."

आई त्यानंतर सव्वा वर्ष होती. वहिनी रोज सकाळी तिची वेणी घालत आणि तुळशीची माळ तिच्या हातात देत. ती माळ ओढायची हे आईला आठवत नव्हतं, ती नुसती धरून बसे.

काकांकडे परत येतो. एका संध्याकाळी त्यांना बरंच दुखत होतं. नर्सने मॉर्फिनचा डोस वाढवला होता, पण तो लागू पडायला वेळ होता. ते म्हणाले, "रामरक्षा म्हणायची आहे. रोज म्हणत आलो, आता मधेच विसरतो. तुम्ही म्हणाल?"

इथे खरा पेच होता. हॉस्पिसच्या प्रशिक्षणात आम्हांला बजावून सांगितलेलं असतं की आपली श्रद्धा रुग्णावर लादायची नाही. तोच नियम उलटाही लागू आहे, आपली अश्रद्धाही लादायची नाही. पण मरणाच्या दारातल्या माणसासमोर, मनात काहीही नसताना, तोंडाने स्तोत्र म्हणणं ही फसवणूक नाही का? आगरकर असते तर काय म्हणाले असते? मी शेवटी खरं तेच सांगितलं. "काका, मला पाठ आहे, आईने करून घेतली होती. पण माझा त्यावर विश्वास नाही."

काकांनी डोळे उघडले. म्हणाले, "तुझा विश्वास तुझ्यापाशी असू दे. तू फक्त आवाज दे."

त्या दिवसापासून त्यांनी मला "अरे-तुरे" सुरू केलं. मी रामरक्षा म्हटली. ते ओठ हलवत होते. मधे कुठेतरी त्यांना झोप लागली, मी मात्र शेवटपर्यंत म्हणून टाकली.

श्रद्धेने त्यांना नुसतं सुख दिलं असं मी म्हणणार नाही. "हे कोणत्या जन्माचं पाप?" हा प्रश्नही त्यांना श्रद्धेनेच दिला होता, आणि तो त्यांना हाडांच्या दुखण्याइतकाच छळत होता. साँडर्सबाई स्वतः ख्रिस्ती धर्म मनापासून मानणाऱ्या. पण त्यांचं म्हणणं असं होतं की वेदना ही एकटी शरीराची नसते. शरीराची, मनाची, घरादाराची आणि श्रद्धेची वेदना एकत्र गुंतलेली असते, आणि एक सैल झाली की दुसरीही थोडी सैल होते. मी हे डोळ्यांनी पाहिलं. औषधाचं प्रमाण जमल्यावर पापाचा प्रश्न काकांनी पुन्हा फारसा विचारला नाही. त्याचं उत्तर मिळालं म्हणून नव्हे, तर रात्रभर झोप लागली म्हणून.

पण एक गोष्ट श्रद्धेने त्यांना दिली, जी माझ्यापाशी द्यायला नव्हती. एकदा ते म्हणाले, "रामापुढे मी काही घेऊन जात नाही बघ. काही नाहीच. तरी तो हाकलत नाही." रामापुढे त्यांना जमाखर्च दाखवावा लागत नव्हता. मुलासमोर, सुनेसमोर, माझ्यासमोरही त्यांना आपण भार आहोत असं वाटे. फक्त त्या शेल्फवरच्या मूर्तीसमोर वाटत नसे.

मी घरी येऊन पुष्कळ विचार केला. व्हिक्टर फ्रँकल या व्हिएन्नाच्या मनोविकारतज्ज्ञाचं पुस्तक पुन्हा काढलं. नाझींच्या छळछावण्यांत त्याचे आई, वडील, भाऊ, पत्नी सगळे गेले. तो वाचला, आणि १९४६ मध्ये त्याने आपल्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. जगण्याला अर्थ तीन वाटांनी येतो असं तो सांगतो: काही काम करून, कुणावर किंवा कशावर तरी प्रेम करून, आणि हे दोन्ही रस्ते बंद झाले तर, न टळणारं दुःख आपण कसं सोसतो त्यातून. काकांना ही तिसरी वाट लागू पडली असती. पण मला आई दिसत होती. तिला तर सोसण्याचंही भान नव्हतं. ती पोस्टमनची वाट बघत होती. तिच्या जगण्याचा उद्देश कोणता?

मला वाटतं, तो नव्हताच. आणि वहिनींना तो लागलाही नाही. "आई आहेत ना," एवढं त्यांना पुरलं. मी आयुष्यभर दोन गोष्टींची गल्लत करत आलो, उद्देश आणि मोल. उद्देश माणूस शोधतो, बदलतो, तो हरवतो, संपतोही. मोल माणसाला आधीपासून असतं, आणि उद्देश संपल्यावरही ते उरतं. देव मानणारा म्हणतो, हे मोल देवाने दिलं. मला तो आधार नाही. मग ते आलं कुठून? खरं सांगायचं तर मला ते सिद्ध करता येत नाही. इंजिनिअरच्या हिशेबात ते कुठेच बसत नाही. तरी ते आहे असं धरून मी वागतो, आणि ते नाही असं धरून एकदा बोललो त्याची लाज अजून जात नाही. पुराव्याशिवाय धरून ठेवलेल्या अशा गोष्टीला काय म्हणायचं? माझी बायको म्हणते, यालाच आम्ही श्रद्धा म्हणतो. मी तिच्याशी वाद घालत नाही.

तेव्हा देव आहे की नाही, यावर माझं मत बदललेलं नाही. पण आई आणि वडील एकाच ठिकाणी पोचले, हे माझं जुनं अनुमान मात्र अपुरं होतं. "दुसऱ्यासाठी झिजा" हे दोघांनी शिकवलं. आईच्या देवाने आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती मी देवाबरोबरच टाकून दिली होती: झिजून संपल्यावरही तू हवाच आहेस. देव न मानणाऱ्यांनी ही गोष्ट आपल्या जबाबदारीवर सांभाळायला हवी, कारण आमच्याकडे ती सांभाळणारा दुसरा कुणी नाही.

हे इथे लिहिण्याचं कारण असं की आपली पहिली पिढी आता त्या वळणावर आली आहे. पाळणाघर म्हणून, स्वयंपाकघर म्हणून ज्यांना आपण भारतातून बोलावून घेतलं, ते आई-वडील आज अनेक घरांत खिडकीशी बसलेले आहेत. लवकरच त्या खुर्चीवर आपण असू. आपल्या मुलांनी आपल्याकडून एकच हिशेब शिकला असेल, तर ती तोच आपल्याला लावतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल. मुलांना दुसरा हिशेब शिकवायचा तर तो भाषणाने येणार नाही. आजोबांच्या शेजारी काहीही न करता बसलेले आपण त्यांना दिसलो पाहिजे.

काकांकडे माझी शेवटची फेरी एका मंगळवारी झाली. ते शुद्धीवर नव्हते. रामरक्षा म्हणावी का, असं सूनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नको, नुसते बसा." मी दोन तास बसलो. त्यांना माझा उपयोग नव्हता, मला त्यांचा नव्हता. बाहेर अंगणात त्यांनी लावलेली मेथी फुलावर येऊन गेली होती. गुरुवारी पहाटे ते गेले.

यंदाही गणपतीला सकाळी आठ वाजता मी हॉलवर असेन. मित्र विचारेलच. खुर्च्यांवर माणसं बसतात हे उत्तर काही चुकीचं नाही, तेच देईन. फक्त यंदा त्यालाही शेजारी बसवून घेणार आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याला काही उचलता येत नाही, म्हणून "नुसता येऊन काय करू?" असं तो फोनवर म्हणत होता. मी म्हटलं, "काही करू नकोस. ये."